अंटार्क्टिकात डोंगर आहेत का, आणि ते नकाशावर यायला इतकी वर्षं का लागली

प्रश्न साधारण असा होता: अंटार्क्टिका म्हणजे नुसता सपाट बर्फ, मग भारतातले जिऑलॉजिस्ट दरवर्षी तिथे जाऊन करतात काय? तिथे डोंगर आहेत म्हणतात ते खरे का, ते जर्मनांनी शोधले आणि तिथे हिटलरचा गुप्त तळ होता म्हणतात त्यात तथ्य किती, आणि हिमालयात तीन-चार ट्रेक केलेल्या माणसाला तिकडे जायला मिळेल का. एकात चार प्रश्न आहेत. मी जिऑलॉजिस्ट आहे, मैत्री या अंटार्क्टिकातल्या भारतीय स्टेशनवर तीन समर केलेत आणि त्यातले बरेच दिवस दक्षिणेकडच्या डोंगरांत तंबू ठोकून काढलेत, तर जमेल तसं सांगतो. थोडं लांबेल.

डोंगर आहेत, आणि चांगले मोठे आहेत. मी ज्यांच्याबद्दल बोलतोय ते क्वीन मॉड लँडमधले, म्हणजे आफ्रिकेच्या टोकावरून सरळ खाली दक्षिणेला गेलात की जो किनारा लागतो तिथले. किनाऱ्यापासून दीड-दोनशे किलोमीटर आत, किनाऱ्याला साधारण समांतर, पश्चिम-पूर्व अशी ही रांग हजार किलोमीटरहून जास्त पसरलीय. सलग नाही, तुकड्या-तुकड्यांची आहे. पश्चिमेला हाइमेफ्रंटफ्येला, मधे म्युलिग-होफमान, मग ऑरविन, मग आमचं वोल्थाट (त्यातच हम्बोल्ट, पीटरमान, ग्रूबर हे डोंगर), आणि पूर्वेला बरंच लांब सोर रोंडाने. सगळ्यात उंच शिखर यक्युलक्यिर्क्या, ३१४८ मीटर.

पण हे तीन हजार मीटर डोळ्याला दिसत नाहीत. कोयनेचं धरण भरलं की बुडालेल्या टेकड्यांची नुसती डोकी बेटांसारखी वर राहतात ना, तसंच आहे हे, फक्त पाण्याच्या जागी बर्फ आणि तोही काही ठिकाणी किलोमीटरभराहून जाड. वर राहिलेल्या डोक्याला नुनाटक म्हणतात, शब्द मूळचा ग्रीनलंडचा. आणि धरणाची उपमा अजून एका अर्थाने बरोबर आहे, कारण ही रांग खरोखर बंधाऱ्यासारखी आहे, दक्षिणेच्या पठारावरचा बर्फ तिच्यामागे तुंबतो आणि डोंगरांच्या मधल्या फटींतून हिमनद्या होऊन उत्तरेला समुद्राकडे सरकतो. म्हणून दक्षिणेकडून बघितलं तर शिखर जेमतेम टेकाडाएवढं वर आलेलं, आणि तेच उत्तरेकडून बघितलं तर समोर हजार मीटरची उभी भिंत. एकच डोंगर आहे यावर विश्वास बसत नाही.

आता जर्मन लोकांचं. १९३८ च्या डिसेंबरात आल्फ्रेड रिट्शर नावाच्या कॅप्टनच्या हाताखाली 'श्वाबेनलांड' हे जहाज हॅम्बर्गहून निघालं. हे जहाज मुळात दक्षिण अटलांटिकमधल्या विमान-टपालासाठी वापरायचे, त्यावर गलोलीसारखी यंत्रणा होती जिच्यातून सीप्लेन हवेत फेकता यायची. दोन डोर्निअर वाल विमानं होती, 'बोरेआस' आणि 'पासाट'. उद्देश काय तर व्हेल. जर्मनीला मार्गारीनसाठी आणि साबणासाठी व्हेलचं तेल लागायचं, ते बाहेरून विकत घ्यायला परकीय चलन जायचं, म्हणून तिथे आपला हक्क सांगावा आणि आपला व्हेलिंगचा धंदा सुरक्षित करावा हा हिशोब. नॉर्वेला याची कुणकुण लागली आणि त्यांनी १४ जानेवारी १९३९ ला, म्हणजे जर्मन जहाज तिथे पोचायच्या आठवडाभर आधी, या भागावर स्वतःचा दावा जाहीर करून टाकला. त्यांचेही व्हेलिंगवाले होतेच तिथे.

तरी जर्मनांनी आपलं काम केलं. जेमतेम अडीच आठवडे किनाऱ्याजवळ राहिले, विमानं आत उडवली, अकरा हजारांहून जास्त फोटो काढले, आणि हक्काची खूण म्हणून वरून स्वस्तिकाची खूण असलेले धातूचे बाण टाकत गेले. मग परत आले, त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि विषय संपला. गुप्त तळ, बर्फाखालचं शहर वगैरे जे व्हॉट्सॅपवर फिरतं ते सगळं या अडीच आठवड्यांच्या पोटातून काढलेलं आहे. तळ सोडाच, हे लोक त्या डोंगरांत एकदाही उतरले नाहीत. मी स्वतः तिथे एक किचन टेन्ट नीट उभा करायला लागणारी मेहनत बघितलीय, त्यामुळे कोणी बर्फाखालच्या शहराचं सांगायला लागलं की मला त्या बिचाऱ्या कामगारांचीच दया येते.

पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे आम्ही तिथे जाऊन करतो काय, ते याच गोष्टीत आहे. अकरा हजार फोटो म्हणजे काय कमी नाही. त्यावरून त्यांनी नकाशे केले, डोंगरांना नावं दिली. पण हवेतून काढलेल्या फोटोचा नकाशा करायचा तर जमिनीवरचे काही बिंदू तरी कोणीतरी जाऊन अचूक मोजलेले लागतात, त्याला आम्ही ग्राउंड कंट्रोल म्हणतो. ते त्यांच्याकडे शून्य. विमानाची जागा त्या काळच्या नेव्हिगेशनवरून, अंदाजाने. परिणाम असा की फोटो सुंदर, नकाशा सुंदर, आणि डोंगर मात्र आपल्या खऱ्या जागेपासून कित्येक किलोमीटर सरकलेले. तो नकाशा हातात घेऊन कोणी चालत गेलं असतं तर हरवलंच असतं. नॉर्वेजियन लोकांनी पन्नाशीच्या दशकात कुत्र्यांच्या स्लेज घेऊन, थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) लावून, जमिनीवरून बिंदू मोजले, परत हवाई फोटो काढले, तेव्हा कुठे डोंगर आपापल्या जागेवर बसले. १९४९ ते ५२ ची नॉर्वे-ब्रिटन-स्वीडनची जी एकत्र मोहीम होती, मॉडहाइम नावाच्या तळावरची, तिने तर बर्फात स्फोट करून त्याच्या प्रतिध्वनीवरून बर्फाची जाडी मोजली आणि खाली बुडालेला डोंगराळ मुलूख पहिल्यांदा कागदावर आणला. त्या मोहिमेत तीन माणसं गेली, धुक्यात गाडी बर्फाच्या कड्यावरून थेट समुद्रात गेली.

नावांची गंमत सांगतो. वोल्थाट हा जर्मनांच्या मोहिमेत नव्हताच, तो बर्लिनमधला सरकारी अधिकारी, पैशाची सोय लावणारा. त्याच्या नावाने अख्खा डोंगरसमूह. आणि बोरेआसचा पायलट शिर्माखर, ज्याने खरंच उडून सगळं बघितलं, त्याच्या नावाने डोंगरांच्या ऐंशी-एक किलोमीटर उत्तरेला असलेला एक उघड्या खडकाचा छोटा पट्टा, जेमतेम १७-१८ किलोमीटर लांब. फाइलवर सही करणाऱ्याला पर्वत आणि काम करणाऱ्याला टेकाड, हे कुठल्याही देशात सारखंच. पण आज माणसं राहतात ती त्या टेकाडावर. आपलं मैत्री तिथे आहे, १९८९ पासून. त्याच्या आधी १९८३-८४ मध्ये बांधलेलं दक्षिण गंगोत्री बर्फाच्या शेल्फवर, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फावर होतं, ते हळूहळू बर्फातच गाडलं गेलं, म्हणून मग खडकावर आलो. रशियाचं नोव्होलाझारेव्स्काया आमच्या शेजारी, १९६१ पासून. त्याच वर्षी तिथल्या एकमेव डॉक्टरला, लिओनिद रोगोझोव्हला, अपेंडिक्स झालं आणि त्याने आरशात बघत स्वतःचं ऑपरेशन स्वतः केलं. ही गोष्ट मात्र खरी आहे.

आता खडकांकडे येतो, माझा विषय. आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर, एकावर एक, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. तिथले खडक त्या मानाने पणजोबा, पन्नास-साठ कोटी वर्षांपूर्वी आणि काही त्याहून खूप आधी, जमिनीच्या वीस-तीस किलोमीटर खाली भाजून, मळून, दुमडून निघालेले. नाइस, ग्रॅन्युलाइट, चार्नोकाइट अशी या खडकांची नावं. त्यातलं चार्नोकाइट हे नाव आपल्याकडचंच आहे, कोलकात्याला जॉब चार्नोकच्या थडग्यावर जो दगड आहे त्यावरून दिलेलं, आणि तो दगड चेन्नईच्या बाजूचा. दक्षिण भारतात, श्रीलंकेत, मोझांबिकमध्ये आणि क्वीन मॉड लँडमध्ये एकमेकांचे भाऊ शोभतील असे खडक सापडतात, कारण तेव्हा हे सगळे तुकडे एकमेकांवर आदळून गोंडवाना हा जुना महाखंड तयार होत होता. त्या टकरीत जो पर्वत उभा राहिला त्याचं बूड आज तिथे उघडं आहे, वरचा सगळा भाग झिजून गेला. म्हणजे आम्ही तिथे फिरतो ते एका जुन्या हिमालयासारख्या पर्वताच्या तळघरात.

आणि हे तळघर वरून दिसत नाही. सॅटेलाइट फोटोत तुम्हाला तपकिरी ठिपका दिसेल, तो चार्नोकाइट आहे की ऊन-वाऱ्याने लाल झालेला ग्रॅनाइट हे ठरवायला हातोडा मारून ताजा तुकडा बघावाच लागतो. दुमड कुठल्या दिशेला आहे हे कंपास-क्लायनोमीटर (दिशा आणि उतार मोजायचं यंत्र) खडकाला लावूनच कळतं. आपल्याकडून हे काम सुरुवातीला करणाऱ्यांत सुदीप्ता सेनगुप्ता होत्या, १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत शिर्माखरच्या खडकांवर. त्याच मोहिमेत आपल्या नागपूरच्या अदिती पंत होत्या, त्या समुद्रशास्त्राच्या. अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय बायका या, आणि महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये अदिती पंतांचं नाव किती मुलांना माहीत असतं हा प्रश्न मी अजून कोणाला विचारायचं धाडस केलेलं नाही.

आता डोळा कसा फसवतो ते सांगतो, कारण तिथे पहिल्यांदा गेलेला प्रत्येक माणूस यातच अडकतो. हवेत धूळ नाही, बाष्प नाही, आणि झाड, घर, माणूस, खांब असं मापाला काहीच नाही. पहिल्या समरला कॅम्पवरून एक नुनाटक दिसत होतं, मी म्हटलं चला चहा झाला की जाऊन येतो, दोन-अडीच किलोमीटर असेल. आमचे फील्ड लीडर होते ते काही बोलले नाहीत, फक्त जीपीएस माझ्या हातात दिला. अकरा किलोमीटर. आणि मधे क्रेव्हासची, म्हणजे बर्फातल्या खोल भेगांची पट्टी, वरून बर्फाचा पातळ पूल असल्याने काहीच दिसत नाही, नुसती सावलीची एक रेघ, तीही ऊन तिरपं असेल तरच. त्यानंतर मी नजरेने अंतर सांगणं बंद केलं, आजतागायत, घरी बायको विचारते दादर किती लांब राहिलं तेव्हाही मी फोन बघतो.

अजून एक फसवणूक म्हणजे खडकाच्या पायथ्याशी पोचलो असं वाटतं आणि समोर खंदक. वारा खडकाला आपटून वळतो आणि पायथ्याचा बर्फ कोरून काढतो, त्याला विंडस्कूप म्हणतात, काही ठिकाणी इतका खोल की उतरायला दोर लागतो. दहा मीटरवर आयुष्यभर शोधतोय तो काँटॅक्ट, म्हणजे दोन खडक जिथे भिडतात ती रेघ, दिसतोय आणि तिथे जायला दीड तासाचा वळसा. वारा बहुतेक वेळ दक्षिण-पूर्वेकडून, पठारावरून खाली घसरत येणारी जड थंड हवा.

एका समरला हेलिकॉप्टरने आम्हा तिघांना एका कड्यावर सकाळी सोडलं, चार तासांचं काम, दुपारी परत न्यायला येणार. नियम असा की एक तासाचं काम असलं तरी सर्व्हायवल बॉक्स उतरवायचाच: तंबू, स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह, काही दिवसांचं खाणं, रेडिओ. खरं सांगतो, तो बॉक्स जड असतो आणि आकाश निळंशार होतं, मला मनातून वाटलं की हे उगाच नाटक आहे. अकरा वाजता दक्षिणेला क्षितिजाची रेघ पुसट झाली, साडेअकराला क्षितिजच नाही. आकाश पांढरं, जमीन पांढरी, सावली कुठेच नाही, पाय टाकला की वर जातोय का खाली हे पाय टेकल्यावर कळायचं. व्हाइटआउट. हेलिकॉप्टर येणार नाही हे रेडिओवर सांगायची गरजच नव्हती. आम्ही तंबू लावला, कडांवर दगड रचले, आणि अडीच दिवस तिथे बसलो. काम काहीच नाही. पाण्यासाठी मऊ बर्फ वितळवत बसलो तर भांडंभर बर्फाचं घोटभर पाणी होतं आणि रॉकेल संपतं, म्हणून हातोड्याने निळ्या बर्फाच्या चिपा काढायच्या, त्याचं पाणी भरपूर. खिचडी, मग खिचडी, मग थोडी पातळ खिचडी. पेनची शाई गोठते म्हणून सगळ्या नोंदी पेन्सिलने, कॅमेऱ्याची बॅटरी बनियनच्या आतल्या खिशात. ठरलेल्या वेळेला रेडिओवर मैत्रीशी बोलायचं, तेवढाच दिवसाचा कार्यक्रम.

आणि तंबूत स्टोव्ह पेटवला की वरची झडप उघडी म्हणजे उघडीच, कितीही वारा आत आला तरी, कारण बंद तंबूत स्टोव्हचा विषारी वायू साचतो. कोणी कुरकुर केली की जुने लोक एकच शब्द बोलतात, हम्बोल्ट. तिथे इंडिया पॉइंट नावाच्या जागी एक स्मृतिफलक आहे, ८ जानेवारी १९९० ला नवव्या मोहिमेतले चार जण त्या डोंगरातल्या कॅम्पमध्ये अपघातात गेले, तीन जिऑलॉजिकल सर्व्हेचे शास्त्रज्ञ आणि एक नौदलाचा संदेशवहन तंत्रज्ञ. मी त्या फलकापाशी एकदाच गेलोय. तिथे कोणी फार बोलत नाही.

जिवंत काही आहे का असंही लोक विचारतात. आहे, आणि अनपेक्षित आहे. समुद्रापासून इतक्या आत, खडकाच्या खोबणीत स्नो पेट्रेल नावाचे पांढरेशुभ्र पक्षी अंडी घालतात आणि खाण्यासाठी समुद्रापर्यंत उडून जातात. दिसायला गोजिरे, पण जवळ गेलात तर पोटातलं नारिंगी तेल तुमच्या अंगावर थुंकतात, आणि तो वास जॅकेटमधून सीझन संपेपर्यंत जात नाही, अनुभवाने सांगतो. तेच तेल घरट्यापाशी पिढ्यानपिढ्या साचून मेणासारखे थर होतात आणि त्याचं वय कार्बनने काढता येतं. ग्रूबर डोंगरांच्या भागात तीस हजार वर्षांपेक्षा जुने थर मिळालेत. म्हणजे हिमयुग जोरात असतानाही ती खोबण बर्फाबाहेर होती आणि उडून पोचता येईल अशा अंतरावर कुठेतरी उघडं पाणी होतं. पक्ष्याच्या उलटीवरून इतकं कळतं. त्याच भागात उंटरझे नावाचा तलाव आहे, वर्षभर वर बर्फाचं झाकण, आणि खाली तळाशी सूक्ष्मजीवांचे शंकूच्या आकाराचे ढीग वाढतायत, पृथ्वीवरची अगदी आदिम जीवसृष्टी जशी असावी तसे.

राहिला शेवटचा प्रश्न, जायला मिळेल का. ट्रेकर म्हणून सरकारी मोहिमेत जागा नसते. गोव्यात वास्कोला जे एनसीपीओआर (ध्रुवीय संशोधनाची सरकारी संस्था) आहे, ते मोहिमांचं सगळं बघतं, त्यांच्याकडे शास्त्रज्ञ प्रस्ताव देऊन जातात, आणि त्याशिवाय डॉक्टर, कुक, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन अशा लोकांची ठरावीक मुदतीसाठी भरती निघते, त्यांच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा. निवड झाली की दिल्लीत एम्सला कसून मेडिकल, मग उत्तराखंडात औलीला आयटीबीपीकडे (भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे) बर्फातलं ट्रेनिंग, मग केपटाउन, आणि तिथून विमानाने थेट नोव्होच्या (म्हणजे नोव्होलाझारेव्स्कायाच्या) निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर. चांगला वेल्डर किंवा गाडीचं इंजिन खोलून जोडणारा माणूस तिथे पीएचडीवाल्यापेक्षा जास्त लाडका असतो, हे मी पीएचडी असून सांगतोय. आणि दगड उचलून खिशात घालता येत नाही, परमिट लागतं, १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराने खाणकामही बंद आहे, आणि आता आपला २०२२ चा अंटार्क्टिक कायदाही आहे. जे नेलं ते सगळं परत आणायचं, हो, संडाससुद्धा, डब्यात भरून.

हिमालयाचा अनुभव उपयोगी पडतो, पण थोडासाच. उंचीचा त्रास तिथे फारसा नाही, चढही आम्हा लोकांना मर्यादितच असतो. लागतं ते दुसरंच, तंबूत तीन दिवस काही न करता दोन माणसांबरोबर भांडण न होता बसता येणं. तुमच्या ग्रुपमध्ये पाऊस पडला म्हणून ट्रेक रद्द झाल्यावर जो माणूस चिडत नाही आणि भजी तळायला घेतो, तो पाठवा.

आणि खरंच चढाईच करायची असेल तर ऑरविनमध्ये ड्रायगाल्स्कीच्या बाजूला फेन्रिसक्येफ्टन म्हणून सुळक्यांचा एक जबडा आहे, नॉर्स पुराणातल्या लांडग्याच्या नावाचा, त्यातला उल्वेटान्ना म्हणजे लांडग्याचा दात. २९३० मीटरच्या आसपास, बर्फातून सरळ उभा, आणि १९९४ पर्यंत कोणी चढलेलं नव्हतं, तेव्हा नॉर्वेजियन लोक पहिल्यांदा वर गेले. खासगी विमानाने, स्वतःच्या खर्चाने जावं लागतं आणि तो खर्च ऐकून मी पुढचं विचारलंच नाही. मी तो हेलिकॉप्टरमधून बघितलाय, एकदा, डाव्या खिडकीतून. किती लांब होता विचारू नका.